लांकडी सांगाड्याचें घर : इंग्लंडांतील मध्ययुगीन शेतकऱ्याची वास्तू

आपल्या देशावरच्या गांवांत एखाद्याच्या जुन्या घराची मोजदाद करावयाची झाली, तर लांबी-रुंदी कोणी विचारीत नाहीं. घर किती खणांचें आहे, असें विचारतात. दोन तुळयांमधील अंतर तें एक खण. खणांची संख्या सांगितली कीं घरांत लांकूड किती, माणसें व पोतीं किती मावतील, आणि धन्याची ऐपत काय, हें सर्व ऐकणाऱ्यास एकदम कळतें. इंग्लंडांतील शेतकरीहि पांचसहाशें वर्षांपूर्वीं आपलें घर असेंच मोजीत असे. त्याच्या भाषेंत ह्या खणास 'बे' म्हणत. एक बे साधारणपणें १५ ते १६ फुटांचा असे, आणि दोन-तीन बे-चें घर म्हणजे मध्यम स्थितींतील कुळाचें घर समजलें जाई. हजारों मैलांवरील दोन देशांत माप एकाच रीतीनें निघावें, ह्याचें कारण उघड आहे. ज्या घराचा भार भिंतीवर नसून लांकडी सांगाड्यावर असतो, त्या घराचें माप सांगाड्याच्याच हिशेबानें निघतें.

ह्या लेखांत आम्ही त्या इंग्रजी घराची रचना वाचकांस समजावून देणार आहों. परदेशच्या जुन्या घराशीं आपल्या वाचकांस काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. आपल्याकडील खणांचीं घरें मोडून त्यांच्या तुळया वखारींत विकल्या जात आहेत, आणि जीं अजून उभीं आहेत त्यांस सिमेंटचा गिलावा होत आहे. त्या गिलाव्यानें इंग्लंडांत काय झालें तें पुढें येईलच. पण तें समजण्यास आधीं सांगाडा समजला पाहिजे.

आरंभीं तेथेंहि खांब जमिनींत खड्डा करून पुरीत. ओकचें लांकूड कितीहि चिवट असलें, तरी जेथें ओल आणि हवा दोन्ही मिळतात तेथें तें कुजतेंच. आपल्या कुंपणाचे डांब पाहिले असतां हें कोणाच्याहि ध्यानांत येईल. डांब प्रथम मोडतो तो मातीच्या कडेशीं, खड्ड्याच्या तळाशीं नव्हे. अशीं पुरलेल्या खांबांचीं घरें एक-दोन पिढ्यांत पुनः बांधावीं लागत. पुढें बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमारास दगडाचें बुटकें जोतें करून त्यावर आडवें लांकूड बसविण्याची व खांब त्या लांकडांत रोवण्याची चाल रूढ होत गेली. आपल्याकडे खांबाखालीं दगडी उथळें ठेवतात, तें ह्याच हेतूनें. मात्र ह्या सुधारणेनें एक नवी अडचण उभी केली. जमिनींत पुरलेला खांब स्वतःच्या जोरावर उभा राहतो. दगडावर ठेवलेला खांब धक्का लागतांच कलंडतो. तेव्हां आतां त्यास धरून ठेवण्याचें काम इतर लांकडांवर आलें. खांब जमिनींतून वर काढला, आणि सुताराची खरी परीक्षा तेथून सुरू झाली.

ही परीक्षा तेथील सुतारांनीं मुख्यतः दोन रीतींनीं उतरविली. इंग्लंडच्या मध्यभागीं, पश्चिमेस, उत्तरेस व वेल्स प्रांतांत 'क्रक' नांवाची रीत होती. ह्या रीतींत मुळापासून वांकलेला एक ओक शोधून तो उभा चिरीत. त्यामुळें सारख्याच वांकाचे दोन भाग मिळत. ते समोरासमोर उभे करून माथ्याशीं जोडले व मध्यें आडवें लांकूड घातलें कीं, जोत्यापासून आढ्यापर्यंत जाणारी एक कमान तयार होई. अशा तीन-चार कमानी ओळीनें उभ्या करून त्यांवर आढें व वासे टाकले कीं घर उभें राहिलें. छपराचा सारा भार कमानीवरून थेट जोत्यावर जातो, भिंतीवर भार मुळींच नसतो; भिंत काढून घेतली तरी छप्पर जागचें हालत नाहीं. अशा तीन हजारांहून अधिक इमारतींची नोंद ब्रिटनमध्यें झालेली आहे. इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यांत, केंट व एसेक्स ह्या परगण्यांत मात्र हें क्रकचें घर आढळत नाहीं. तेथें पेटीसारखा चौकोनी सांगाडा करीत: चार कोपऱ्यांस व प्रत्येक खणास खांब, खांबांच्या माथ्यांवर लांबीच्या दिशेनें एक सलग लांकूड, त्यावर रुंदीच्या दिशेनें तुळया, आणि तुळयांवर छप्पर. आपल्या वाड्यांची जात ह्या दुसऱ्या प्रकाराशीं जवळची आहे.

ह्या चौकोनी सांगाड्यांतील सर्वांत अवघड जागा म्हणजे खांबाचा माथा. तेथें तीन लांकडें एकत्र येतात: खालून खांब, एका अंगानें लांबीचें लांकूड व दुसऱ्या अंगानें तुळई. एका बिंदूवर तिहींस खांचा पाडल्या तर तिन्हीं दुबळीं होतात. यावर तेथील सुतारांनीं जी तोड काढली तिचें आम्हांस फार कौतुक वाटतें. ते झाडाचा बुंधा वर व शेंडा खालीं असा खांब उलटा उभा करीत. बुंधा जाड असल्यामुळें माथ्याशीं लांकूड भरपूर मिळे. त्यांतून दोन निरनिराळ्या जिभा काढतां येत. एक जीभ लांबीच्या लांकडांत बसे, दुसरी तुळईंत. शिवाय तुळईच्या खालच्या अंगास पारव्याच्या शेपटीसारखी पुढें रुंद होणारी खांच असे. ती लांबीच्या लांकडास अशी धरी कीं, छपराच्या भारानें भिंती बाहेर फांकूं पाहिल्या तरी सांधा सुटत नसे. ह्या सांध्यांत लोखंडाचा खिळा नसे. असे ती केवळ ओकची खुंटी.

खुंटीचाहि एक मुद्दा सांगण्यासारखा आहे. जिभेंतील भोंक व खोबणींतील भोंक हीं अगदीं समोरासमोर न पाडतां जाणूनबुजून सुताभर चुकवून पाडीत. खुंटी ठोकली म्हणजे ती दोन्ही भोंकें एका रेषेंत आणूं पाहते, आणि त्या ओढीनें सांधा घट्ट आंवळला जातो. सांगाड्याचें लांकूड ओलें व खुंटी वाळलेली असे. ओलें लांकूड पुढें वाळतांना आंखडतें, खुंटीस आणखी आंवळतें. वाळलेला ओक लोखंडासारखा कठीण होतो व कुऱ्हाडीस दाद देत नाहीं, म्हणून झाड पाडल्यावर तें ओलें असतांनाच काम उरकीत. ह्या ओल्या लांकडामुळेंच आज हीं घरें वाकडीतिकडीं दिसतात. तो म्हातारपणाचा दोष नव्हे. बहुतेक वांक पहिल्या कांहीं वर्षांतच आलेला असतो.

सांगाडा जागेवर एकेक लांकूड चढवून करीत नसत. सुताराच्या आवारांत जमिनीवर आडवा मांडून तो सगळा जुळवीत, प्रत्येक सांध्यावर रोमी अंकांच्या धर्तीची खूण कोरीत, मग मोडून गाडीवर घालीत आणि घराच्या जागेवर खुणेबरहुकूम उभा करीत. त्या खुणा आजहि दिसतात. खांब व आडव्या लांकडांमधील कोपऱ्यांत तिरपे धिरे घालीत. चौकोन धक्क्यानें तिरका होतो, त्रिकोण होत नाहीं. म्हणून वाऱ्याच्या माऱ्यास तोंड देणारा खरा अवयव हा धिराच होय. अलीकडे ह्या लांकडांविषयीं एक दंतकथा फार ऐकूं येते, ती अशी कीं, हीं घरें मोडक्या जहाजांच्या लांकडांनीं बांधलेलीं आहेत, कारण त्यांत रिकाम्या खोबणी दिसतात. वस्तुतः बहुतेक ठिकाणीं तीं लांकडें दुसऱ्या एखाद्या मोडलेल्या घराचीं किंवा कोठाराचीं असतात. सागाची तुळई चार पिढ्यांत तीन घरें पाहते हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं.

इतकें लांकूड येई कोठून? ऑलिव्हर रॅकहॅम नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें सफक परगण्यांतील स्टँटन येथील इ. स. १५०० च्या सुमाराच्या एका शेतकऱ्याच्या घरांतील लांकडें मोजलीं, तेव्हां त्या एका घरास तीनशेंहून अधिक झाडें लागलीं असल्याचें दिसून आलें. संख्या ऐकून रान उजाड झालें असेल असें वाटतें. पण त्यांतील पुष्कळशीं झाडें वीतभर जाडीचीं, तरुण होतीं. तेथील रानें दुहेरी पिकाचीं असत. खालीं हेझल नांवाचें झुडूप. तें थोड्या वर्षांच्या पाळीनें बुडापासून तोडीत व त्याच बुंध्यास पुनः फूट येई. वर मधून मधून ओक राखीत. हवा तेवढ्या जाडीचा झाला म्हणजे पाडीत. हेझलच्या छड्या कुडाच्या भिंतीस व कुंपणास, ओक सांगाड्यास. एकाच रानांतून घर आणि भिंत दोन्ही निघत, आणि रान तुटत नसे. आपला सागहि बुडापासून फुटतो, हें येथें सहज लक्षांत येतें.

मात्र हें रान कुळाचें नसे. मोठें झाड जमीनदाराच्या मालकीचें. कुळास वहिवाटीनें घरापुरतें, नांगरापुरतें व कुंपणापुरतें लांकूड मिळण्याचा हक्क असे, तोहि कारभाऱ्याच्या संमतीनें. सन १९६४ च्या कायद्यानें आपल्याकडे जीं झाडें परवानगीवांचून तोडतां येणार नाहींत असें ठरविलें, त्यांत साग, ऐन, आंबा, फणस इत्यादि आले. त्याची आठवण ह्या ठिकाणीं वाचकांस होईल. आमचें सारें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेल्यामुळें ह्या विषयांत आम्हांस सर्वांत गोडी वाटली ती त्या जमीनदारीच्या न्यायसभेच्या कागदांची. चर्मपत्राच्या लांब गुंडाळ्यांवर लॅटिन भाषेंत हे कागद लिहिलेले आहेत. अमक्या कुळानें घर पडूं दिलें, त्यास दंड केला व अमक्या सणापर्यंत दुरुस्त करण्याचा हुकूम दिला. तमक्यानें जमीन घेतली, तेव्हां इतक्या बे-चें घर ठराविक मुदतींत बांधीन असें कबूल केलें, आणि जमीनदारानें मोठें लांकूड देण्याचें पत्करलें: अशा नोंदी त्यांत जागोजाग आहेत. आपल्या दप्तरांत जमिनीची प्रत, आकार, झाडें, विहिरी सर्व कांहीं आहे. पण घर पडूं दिलें म्हणून कुळास दंड झाल्याची नोंद आमच्या पाहण्यांत नाहीं. जमीनदाराचा हेतु परोपकाराचा नव्हता. घर पडलें कीं कूळ जातें, कूळ गेलें कीं जमीन पड राहते, हा त्याचा साधा हिशेब होता.

ह्या कागदांमुळें एक जुनी समजूतहि मागें पडली. मध्ययुगांतील सामान्य शेतकरी गवताच्या खोपटांत राहत असे व तें खोपट त्याच्या हयातीपलीकडे टिकत नसे, असें पूर्वीं विद्वान लोक लिहीत. पुढें लांकडाच्या वर्तुळांवरून काल ठरविण्याची विद्या निघाली. झाडास दर वर्षीं एक वर्तुळ पडतें, वाढीस चांगल्या वर्षीं रुंद, वाईट वर्षीं अरुंद. ह्या रुंद-अरुंद वर्तुळांची मालिका ठरलेल्या कालाच्या मालिकेशीं जुळवून पाहिली, आणि सालीजवळचें शेवटचें वर्तुळ शाबूत असलें, तर झाड कोणत्या वर्षीं पाडलें तें सांगतां येतें. ओक ओलाच वापरीत असल्यामुळें तेंच बहुधा घराचें वर्ष. नॅट अल्कॉक व डॅन माइल्स ह्यांनीं इंग्लंडच्या मध्यभागांतील कुळांच्या क्रक घरांची ह्या रीतीनें तपासणी करून २०१३ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून सोळाव्याच्या आरंभापर्यंतचीं, साध्या कुळांनीं धंदेवाईक सुतारांकडून बांधविलेलीं अनेक घरें अद्याप राहतीं असल्याचें सिद्ध झालें. हा काळहि विचार करण्यासारखा आहे. १३४८-४९ च्या महामारींत इंग्लंडची निदान एक तृतीयांश वस्ती मेली. जे उरले त्यांस जमीन अधिक मिळाली, मजुरी वाढली आणि जमीनदारास कुळाची मनधरणी करावी लागली. त्या पैशांतून हीं घरें उठलीं.

आतां घराच्या आंत जाऊं. केंट परगण्यांतील चिडिंगस्टोन गांवाजवळचें 'बेलीफ' नांवाचें शेतघर आम्ही नमुन्यासाठीं घेतों. त्याचा मधला व खालचा भाग इ. स. १४०५ ते १४३० च्या दरम्यानचा असून वरच्या बाजूचा खण १५०९-१० च्या सुमाराचा आहे. तेथें पाण्याचें धरण होणार म्हणून १९६८-६९ मध्यें हें घर लांकूड न् लांकूड सोडविलें गेलें, आणि ससेक्स परगण्यांत सिंगलटन येथें जुन्या ग्रामीण इमारतींचें जें संग्रहालय आहे, तेथें पुनः उभें करण्यांत आलें. खिळ्यांनीं बांधलेलें घर असें सोडवितां येत नाहीं, हें सांगणें नलगे.

घराच्या मध्यभागीं दोन खणांचें मोठें दालन. त्यास माळा नाहीं. जमिनीवरून वर पाहिलें तर थेट वासे दिसतात. दालनाच्या एका टोकास समोरासमोर दोन दारें व त्यांमधून आरपार जाणारी वाट. वाटेच्या पलीकडे दोन लहान खोल्या: एक पेयांची व दुसरी पाव-धान्याची. दालनाच्या दुसऱ्या टोकास धन्याची बाजू. तेथें बांक, मेज, आणि त्यामागें घरच्या मंडळीची खाजगी खोली, वर माडी. दोन्ही टोकांच्या माड्या खालच्या भिंतीच्या पुढें हातभर काढलेल्या असतात. दालनास माडी नसल्यानें त्याची भिंत मागेंच राहते. तरी छप्पर सगळ्यांवर मिळून एकच, सरळ. त्यामुळें दालनावरील वळचण पुढें लोंबती राहते व तिला वांकदार धिऱ्यांनीं तोलून धरलेलें असतें. ह्या खुणेवरून केंट-ससेक्समधील हीं घरें दुरून ओळखूं येतात. खिडक्यांस कांच नसे. उभे लांकडी गज व आंतून सरकती फळी.

भिंतींविषयीं आपल्या वाचकांस फार सांगावयास नको, कारण ती आपली कुडाची भिंतच होय. सांगाड्याच्या चौकटींत ओकच्या उभ्या पट्ट्या वर भोंकांत व खालीं खोबणींत वांकवून बसवीत, त्यांतून हेझलच्या छड्या विणीत, आणि दोन्ही अंगांनीं माती, काडाचे तुकडे व गाईचें शेण ह्यांचा कालवलेला चिखल थापीत. वर चुन्याची सफेदी. आपल्याकडे हेझलच्या जागीं कारवी किंवा तुराट्या येतात एवढाच भेद. जमीनहि चोपलेल्या मातीची असे. ससेक्समधील आल्फ्रिस्टन येथील चौदाव्या शतकाच्या घराची जमीन खडूच्या मातीची असून ती आंबट दुधानें बसविलेली आहे. आपल्या गृहिणींनीं हें ऐकून शेणसारवणाशीं ताडून पाहावें.

दालनाच्या मध्यभागीं जमिनीवर उघडी चूल असे. धुराडें नव्हतेंच. धूर वर चढे, वाशांत घोटाळे व कौलांच्या फटींतून किंवा छपराच्या टोंकाशीं ठेवलेल्या भोंकांतून निघून जाई. डोळ्यांस त्रास होई हें खरें. पण त्या धुरांत डुकराचें मांस टिके व छपरांतील किडीसहि तो मानवत नसे. आज एखाद्या घराच्या माळ्यावर चढून वासे काजळीनें काळे दिसले, तर संशोधक तेवढ्यावरून सांगतो कीं, हें घर उघड्या चुलीच्या काळचें. सोळाव्या शतकांत विटांचीं धुराडीं आलीं आणि दालनावर माळा घालतां येऊं लागला. एसेक्समधील रॅडविंटर गांवचा पाद्री विल्यम हॅरिसन ह्यानें १५७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या वर्णनांत, गांवांतील म्हाताऱ्यांस ज्या बदलांचें आश्चर्य वाटे त्यांत धुराड्यांची वाढ प्रथम सांगितली आहे.

काजळीची एक देणगी तर शेतीशास्त्रास मिळाली, आणि ती आमच्या मतें ह्या साऱ्या विषयांतील सर्वांत मोलाची गोष्ट होय. डेव्हन परगण्यांत कौलांऐवजीं गव्हाच्या काडानें छपरें शाकारीत. नवें काड घालतांना जुनें सगळें उपसून टाकीत नसत. वरचें कुजलेलें तेवढें काढून त्यावर नवा थर बसवीत. त्यामुळें कांहीं घरांत सर्वांत खालचा थर, वाशांस बांधलेला, मूळ घरबांधणीच्या वेळचा तसाच राहिला. त्यास काजळी लागलेली आहे, म्हणजे तो धुराड्याच्या आधींचा. जॉन लेट्स नांवाच्या अभ्यासकानें ह्या काळ्या काडाची पाहणी करून १९९९ सालीं तिचें विवरण प्रसिद्ध केलें. काडाबरोबर ओंब्या, दाणे, शेतांतील तणाचें बीं, सर्व कांहीं त्यांत वाळून राहिलें होतें. पांचशें वर्षांपूर्वींचें शेत जणू छपरांत जपून ठेवलें होतें! त्यावरून असें दिसलें कीं, त्या वेळच्या एका शेतांतील गहूं एका वाणाचा नसे. कोणाची ओंबी कुसळाची, कोणाची बिनकुसळी. कांहीं ताटें उंच, कांहीं ठेंगणीं. मध्यें राय मिसळलेली. पाऊस कमी झाला तर एक वाण तगे, तांबेरा आला तर दुसरा. काड उंच व चिवट असल्यामुळेंच तें छपरास चाले; आजच्या आखूड ताटाच्या गव्हाचें काड त्या कामास फारसें उपयोगी पडत नाहीं. त्या दाण्यांस आतां कोंब येत नाहीं. म्हणून लेट्स ह्यांनीं बीजसंग्रहालयांतून त्या जातीचे जुने वाण मिळवून ते मिसळून पेरून पाहिले. आपल्याकडे जुन्या शाळूचें किंवा खपली गव्हाचें बियाणें कोणाच्या कणगीच्या तळाशीं असेल तर तें फेंकूं नये, असें आम्हांस ह्यावरून सुचवावेंसें वाटतें.

ह्या घरांची पुढें हेळसांडहि झाली. एकोणिसाव्या शतकांत लांकडांस काळा व भिंतींस पांढराशुभ्र रंग देण्याची हौस पुष्कळ ठिकाणीं पसरली. मूळचा ओक बहुधा रंगाशिवाय रुपेरी करडाच ठेवलेला असे. रंगानें फारसें बिघडलें नाहीं. बिघडलें तें विसाव्या शतकांतील सिमेंटनें. लांकूड हवेप्रमाणें फुगतें व आंखडतें. माती-चुन्याचा गिलावा त्याबरोबर थोडा थोडा हालतो आणि प्यालेलें पाणी ऊन पडतांच परत सोडतो. सिमेंट हालत नाहीं. तें लांकडापासून सुटतें, केसाएवढी भेग पडते, भेगेंतून पावसाचें पाणी आंत जातें आणि सिमेंट तें बाहेर पडूं देत नाहीं. पाणी उतरत उतरत जोत्यावरच्या आडव्या लांकडांत साठतें. वरून भिंत कोरडी, गुळगुळीत. आंत पांचशें वर्षांचा ओक वीस वर्षांत भुसा. आल्फ्रिस्टनचें जें घर वर सांगितलें तें १८९६ सालीं नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेनें दहा पौंडांस विकत घेतलें. त्या संस्थेनें घेतलेली ती पहिली इमारत. जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं विल्यम मॉरिस ह्यांनीं १८७७ सालीं जी मंडळी स्थापिली, तिची शिकवणहि हीच कीं, इमारत नव्यासारखी करूं नये, दुरुस्त करावी. कुजलेल्या खांबाचा बुंधा तेवढा कापून नव्या लांकडाचा तुकडा सांध्यानें जोडावा, वरचा चांगला खांब राहूं द्यावा.

आतां आपल्याकडे येऊं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारी व आसपासच्या लातूर-उस्मानाबाद भागांत भूकंप झाला आणि सुमारें आठ हजार माणसें गेलीं. तेथील घरें माळवदाचीं होतीं: दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर लांकडें, आणि त्यांवर उन्हाचा ताप लागूं नये म्हणून हातभर वा त्याहून अधिक मातीचा थर. भिंतींचे दगड बेडौल, आंतबाहेरच्या दोन पाळ्या एकमेकींस बांधलेल्या नाहींत, मध्यें चिखल. त्या फुटल्या. पण पाहणी करणाऱ्या अभियंत्यांस एक गोष्ट अनेक ठिकाणीं दिसली. जेथें माळवदाचा भार भिंतीवर न टाकतां लांकडी खांब व तुळयांच्या खणांवर घेतलेला होता, तेथें भिंती ढासळूनहि सांगाडा उभा राहिला. भिंत गेली व छप्पर राहिलें, ही क्रक घराचीच गोष्ट. तरी भिंतीचे दगड आंत पडले तेथें माणसें दगावलींच, हेंहि सांगितलें पाहिजे. त्या दुर्दैवानंतर लोकांनीं लांकूड, दगड, माती सर्वांनाच दोष दिला. आमच्या मतें दोष द्यावयाचा तर तो मातीच्या ओझ्यास व न बांधलेल्या दगडास द्यावा. आपल्या खणांत उणें काय तें मात्र केंटच्या सुतारास विचारावें. खांब आणि तुळई ह्यांच्या कोपऱ्यांत तिरपा धिरा आपल्याकडे सहसा नसतो. जुन्या खणास असे चार-सहा धिरे बसवून घेणें गांवच्या सुतारास अवघड नाहीं, आणि माळवदावरील जास्तीची माती उतरविणें तर घरच्या माणसांसहि जमतें.

ज्यांच्या घरीं अद्याप खण उभे आहेत त्यांनीं मृगापूर्वीं एक फेरी मारावी. गांवचा रस्ता दर डांबरीकरणास चार बोटें उंच होतो आणि जोतें तितकें खालीं जातें; पुष्कळ घरांचीं उथळीं आतां रस्त्याच्या पातळीखालीं आहेत आणि पावसाचें पाणी खांबाच्या पायाशीं उभें राहतें. तेथें भिंतीलगत चर काढून पाणी दूर न्यावें. सिमेंटचा गिलावा झालेला असेल तर खांबालगतचा जमिनीपासून हातभर उंचीचा गिलावा काढून लांकूड उघडें करावें व पुनः माती किंवा चुन्यानें लिंपावें. मग चाकूचें टोंक बुंध्यांत दाबून पाहावें. टोंक शिरलें नाहीं तर लांकूड धड आहे. बोटभर शिरलें तर तुळईखालीं टेकू देऊन त्याच आठवड्यांत सुतारास बोलवावें.